नमस्कार, डिस्क बघते

भालचंद्र सर बुलढाण्याच्या एका तंत्रनिकेतनात वर्षानुवर्षं ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः एकही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली नव्हती. यात लाजण्यासारखं तसं काही नाही. काठावर उभं राहून पोहायला शिकवणारे पुष्कळ असतात, आणि पोरं शिकतातही. पण सरांच्या घरात त्यांची स्वतःचीच पोरगी पाण्यात उतरली, आणि तिथून सगळी पंचाईत झाली.

रेवती त्यांची एकुलती एक. कॉम्प्युटरचंच शिकली, पुण्याला जायचं नाही म्हणाली, आणि जवळच्या धाड गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. रोज काळीपिवळी जीपने जायची, जीपने यायची. आल्यावर हातपाय धुतले की खोलीत जाऊन कर्नेल लिहायला बसायची. मशीन चालू झालं की सगळ्यांच्या आधी जो उठतो आणि बाकीच्यांना उठवून कामाला लावतो, तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. तयार मिळतो, फुकटात मिळतो, आणि शहाणी माणसं तोच वापरतात. रेवतीने तो पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायला घेतला. आईने विचारलं, अवं, मिळते तं मंग तू काऊन करून राह्यली? तर म्हणाली, तू बाजारातून भाकरी आणतेस का?

पोरीने अक्षरंसुद्धा उसनी घेतली नाहीत. एकेका देवनागरी अक्षराचा ठिपक्याठिपक्यांचा आराखडा वहीच्या चौकटींवर काढून मग मशीनला शिकवला. तिचा 'र' जरा डावीकडे कललेला होता, तसाच पडद्यावरही कलला. सरांनी तो पाहून सरळ करायला सांगितलं होतं. तिने केला नाही.

आणि हे सगळं ती आईला समजावून सांगायची. प्रतिमाबाई सोनाळ्याच्या, शिक्षण दहावीपर्यंत. ओट्यापाशी भाकऱ्या थापत ऐकायच्या. रेवतीचं म्हणणं होतं की आईला पटलं तरच ते आपल्याला समजलं. फोन फडताळात उभा करून ती ते बोलणं रेकॉर्ड करायची, पुन्हा ऐकलं की आपली चूक सापडते म्हणून. फोनमध्ये जागा कमी, तेव्हा आठवड्याने सगळं आपल्या खोलीतल्या जुन्या मशीनवर उतरवून फोन रिकामा करायची.

मागच्या कार्तिकात, धाडच्या बाजाराच्या दिवशी, परतीची जीप उलटली. जीपमध्ये बसायच्या जागेपेक्षा माणसं दुप्पट होती. बाकीचे हातपाय मोडून घेऊन वाचले. रेवती गेली. फोनचा चुरा सापडला, तो पोलिसांनी पिशवीत घालून दिला.

घरात राहिलं ते मशीन. मोठा जुना डबा, पुढच्या बाजूला बारीकसा लाल दिवा. महिन्याभराने प्रतिमाबाई धीर करून त्याच्यापुढे बसल्या. शेजारच्या मंजुश्रीने कुठे दाबायचं ते दाखवून दिलं, आणि रेवतीचा आवाज खोलीत आला. मागे तव्याचा आवाज, मध्येच प्रतिमाबाईंचा स्वतःचा. त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की त्या पदराने पडदा पुसायच्या, खुर्ची ओढायच्या आणि ऐकत बसायच्या. बोलणं चालू असलं की तो लाल दिवा लुकलुकायचा. त्यांचं लक्ष आवाजापेक्षा दिव्याकडेच जास्त असे.

सर त्या वेळी घरात थांबत नसत. कॉलेज असलं तर बरंच, नसलं तर कुणाला तरी भेटायचं निघे. लेकीचा आवाज ऐकण्याची त्यांच्यात ताकद नव्हती. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही, आणि तिनेही कधी 'बसा' म्हटलं नाही. रेवतीचं नाव घरात दोघांच्या तोंडून निघेनासं झालं होतं. प्रतिमाबाई आवाज ऐकायच्या, सर कर्नेल बघायचे, आणि जेवताना दोघं भाजीत मीठ किती पडलं याबद्दल बोलायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी काढली होती. या आवाजांची एक कॉपी करून ठेवू, जुनी डिस्क आहे, हिचा भरवसा नाही. वर्गात पोरांना ते हेच सांगत आले होते. प्रतिमाबाई नाही म्हणाल्या. त्यांच्या माहेरची रीत अशी की गेलेल्या माणसाची चीजवस्तू वर्ष उलटेपर्यंत हलवायची नाही, कुणाला द्यायची नाही, तिची वाटणी करायची नाही. वर्षश्राद्ध झालं की मग सगळं मोकळं. सरांनी समजावलं की कॉपीने मूळ वस्तू जागची हलत नाही. तर त्या म्हणाल्या, "एकाचे दोन झाले म्हंजे वाटणीच झाली ना. वर्ष सरू द्या." खरं सांगायचं तर सरांना त्या रिवाजाचा रागही आला नाही. कॉपी करायची म्हणजे ते फोल्डर उघडायचं, आणि ते त्यांना नकोच होतं. रीत बायकोची, सोय नवऱ्याची, असं ते जमून गेलं.

कर्नेलचा कोड रेवतीने इंटरनेटवर उघडा ठेवला होता, कुणीही घ्यावा असा. सरांनी तो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि वाचायला बसले. पहिले काही दिवस त्यांना लाज वाटली. पोरगी त्यांच्यापेक्षा चांगलं लिहीत होती. फक्त कोडमध्ये एक टीप नाही, एक खुलासा नाही. वर्गात असती तर त्यांनी याचे गुण कापले असते.

लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर मांडता येतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. खोटी मेमरी, खोटी कोरी डिस्क. त्याच्यात रेवतीचं कर्नेल सुरेख चाललं. काळ्या पडद्यावर तिच्या अक्षरांत आधी 'नमस्कार' उमटे, मग 'डिस्क बघते', मग अर्धी ओळ ठिपके, आणि शेवटी 'मी तयार आहे'. 'र' डावीकडे कललेला. सरांनी ते पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, आणि तिथेच त्यांच्या मनाने घेतलं की वर्षश्राद्धाच्या दिवशी हे खोट्या मशीनवर नाही, तिच्या स्वतःच्या मशीनवर चालवायचं. लोक गेलेल्याच्या आवडीचं पुरण करतात, आपण हे करू. बाप म्हणून पोरीसाठी दुसरं काही करायला उरलं नव्हतं.

प्रतिमाबाईंना त्यांनी ते सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, तिच्या आवाजाले काही होणार नाही ना? सर म्हणाले, काही होत नाही. कर्नेल पेनड्राइव्हवर असतं, मशीन पेनड्राइव्हवरून उठतं, आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही. बाई बरं म्हणाल्या.

पण खऱ्या मशीनवर ते चालेना. 'नमस्कार' उमटे. 'डिस्क बघते' उमटे. लाल दिवा एकदाच लुकलुकून विझे, आणि पुढे सगळं ठप्प. कळ दाबा, वाट बघा, काही नाही. सरांनी पावसाळाभर डोकं फोडून घेतलं. खोट्यावर चालतं ते खऱ्यावर अडतं, हे या धंद्यातलं नेहमीचं दुखणं, तेव्हा त्यांनी सगळी नेहमीची औषधं करून पाहिली. मशीन जुनं म्हणून वेग कमी केला. पेनड्राइव्ह बदलला. हळूहळू त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली की पोरीचं काम इथपर्यंतच आलं होतं आणि इथेच ती गेली. ही अर्धवट राहिलेली जागा आहे आणि ती आपण पुरी करायची आहे. हे एकदा मनात आल्यावर त्यांना दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी, नेहमीप्रमाणे घराबाहेर, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसलेले असताना त्यांना चूक सापडली. मास्तरला दुसऱ्याची चूक सापडली की दिवाळीच असते. यंदा घरात दिवाळी झाली नव्हती, ती त्या वर्गात झाली.

गोष्ट अशी होती. डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्याच्या शेवटी एक ठराविक खूण असते. खूण असली म्हणजे डिस्क मांडलेली, वापरातली. नसली म्हणजे कोरी. पुस्तकात दिलेलं असतं, सर दर वर्षी फळ्यावर लिहीत: खूण नसेल तर थांबा, खूण असेल तर पुढे जा. आणि रेवतीने नेमकं उलटं लिहिलं होतं. खूण असेल तर थांबा. मशीन पेनड्राइव्हवरून उठतंय, पेनड्राइव्हवर ही खूण असणारच, नसती तर मशीन उठलंच नसतं. मग थांबणार नाही तर काय होणार? घाईत अट उलटी पडली पोरीची. एवढीशी चूक, शिकाऊ पोरं नेहमी करतात. सरांना हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्यांनी ती अट सुलटी केली. तिची चूक सुधारण्याची ही शेवटची वेळ, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं.

पोरांना ते घसा कोरडा करून सांगायचे, एक अक्षर बदललं तरी आधी खोट्यावर चालवून बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. त्यांनी स्वतः पाहिलं नाही. खरं मशीन घरात असताना आता खोट्याशी काय खेळायचं, असं त्यांना वाटलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी गुरुजी यायच्या आधी त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि मशीन चालू केलं. प्रतिमाबाई ओल्या केसांनी मागे उभ्या होत्या. 'नमस्कार' आलं. 'डिस्क बघते' आलं. आणि मग, पावसाळाभर जो आला नव्हता तो पहिला ठिपका आला. त्याच्यामागून दुसरा. ओळ भरली, दुसरी सुरू झाली.

प्रतिमाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या म्हणाल्या, "दिवा लागला हो तिचा. आज तं विझूनच नाही राह्यला."

तेवढ्यात दारात गुरुजींच्या चपला वाजल्या. सर "हो, हो" म्हणाले आणि पाट मांडायला गेले. ठिपके चालू राहिले. मशीन जुनं आहे, वेळ लागेल, विधी होईपर्यंत होईल, असा त्यांनी हिशेब केला. खोट्या मशीनमध्ये अर्धीच ओळ होती हे त्यांना आठवलं, पण त्या आठवणीशी थांबायला वेळ नव्हता.

विधी लांबला. मंत्र चालू असताना सर मधून मधून मान वळवून खोलीकडे बघत होते. दारातून पडद्याचा कोपरा दिसे, ठिपक्यांनी भरलेला. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून गुरुजींना वाटलं, माणूस सावरला.

मग गच्चीवर पान ठेवलं. प्रतिमाबाईंनी मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी ठेवली होती, पुरणाशेजारी. सगळे जरा मागे सरले. वाट बघावी लागेल म्हणून सरांनी हात जोडून डोळे मिटले, तर कावळा कठड्यावर टपून बसल्यासारखा आला आणि भाकरीचा तुकडा घेऊन गेला. गुरुजी म्हणाले, पोरीची काही इच्छा मागे राहिली नाही. प्रतिमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सरांच्या कानावर ते पडलं आणि त्यांच्या मनात आलं, राहिलेली एक आपण आज पुरी केली. मग त्यांना तो लाल दिवा आठवला. विझूनच नाही राह्यला. पेनड्राइव्हला लाल दिवा नसतो. डब्यावरचा लाल दिवा आतल्या डिस्कचा असतो.

पेनड्राइव्हशी बोलण्याची ओळ त्या कोडमध्ये कुठेच नव्हती. त्यांनी तो कोड वर्षभर वाचला होता, त्यांना पाठ होता, आणि ती ओळ त्यात नव्हती. मशीनने पेनड्राइव्हवरून कर्नेल फक्त उचलून दिलं होतं. त्यानंतर रेवतीचं कर्नेल ज्या डिस्ककडे बघत होतं ती पेनड्राइव्ह नव्हतीच. ती आतली डिस्क होती. पोरगी विचारत होती, या डिस्कवर कुणाचं काही आहे का? आहे, असं कळलं की ती थांबत होती. कोरी असेल तरच पुढे जाऊन सगळी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत धुऊन आपला संसार मांडत होती. कप्प्यांची एक रांग धुतली की एक ठिपका. अट उलटी नव्हती. ती अडली नव्हती, ती थांबली होती.

सर जिन्यावरून कसे उतरले ते त्यांना नंतर आठवलं नाही. धोतराचा सोगा पायात आला, गुडघा फुटला. खोलीत पोचले तेव्हा ठिपके थांबले होते. दिवा विझला होता. पडद्यावर तिच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मी तयार आहे'. खाली आणखी एक ओळ होती, मोकळ्या जागेची. सगळीच्या सगळी डिस्क मोकळी होती.

त्यांनी तार ओढून काढली, परत लावली, लॅपटॉप आणला, माहीत होते ते सगळे उपाय केले. पाहुणे जेवत होते. डिस्कच्या सुरुवातीला शून्यं, मध्ये शून्यं, शेवटाला शून्यं. नुसतं पुसलेलं असतं तर परत मिळवता येतं, पण पोरीने काम नीट केलं होतं. तिला अर्धवट काही चालत नसे. सर तिच्या खुर्चीत बसले आणि त्यांना पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकावासा वाटला.

पाहुणे गेले. दुपारची भांडी झाली. प्रतिमाबाई खोलीत आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी पदराने पडदा पुसला, मग कनवटीतून एक कोरा पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. बाजारातून त्यांनी तो स्वतः विकत आणला होता.

"वर्ष झालं आता," त्या म्हणाल्या. "काढून घ्या तुमची कॉपी. आन् आज तुमीबी बसा ऐकाले."

सर उठले नाहीत. त्यांनी मान वर केली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्या खुर्ची ओढता ओढता थांबल्या.

"नाही राहिले," सर म्हणाले.

"कोणते?"

"सगळेच. एकही नाही."

बाईंनी दिव्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, तिच्या कर्नेलनंच पुसले का?

"नाही," सर म्हणाले. "तिनं थांबवलं होतं, प्रतिमा. मी पुढे जाऊ दिलं."

प्रतिमाबाईंनी तो कोरा पेनड्राइव्ह उचलून परत कनवटीला लावला आणि ओटा पुसायला गेल्या. संध्याकाळी त्यांनी सरांच्या गुडघ्याला हळद लावली. रात्रीच्या जेवणात मिठाबद्दलही कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर कॉलेजातून लवकर घरी आले. त्या वेळी घराबाहेर राहायला आता काही कारण उरलं नव्हतं. चपला काढताना रेवतीच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. ते दारापर्यंत गेले. मशीन बंद होतं, पडदा काळा होता. प्रतिमाबाई त्याच्यापुढे खुर्चीत बसल्या होत्या आणि आवाज त्यांचा स्वतःचा होता. वर्षभर रोज ऐकून त्यातलं आपलं बोलणं त्यांना पाठ झालं होतं.

"मंग?" त्या म्हणाल्या, आणि गप्प राहिल्या.

"आन् थे कोठं राह्यते?" पुन्हा गप्प. मग किंचित हसल्या, कुणीतरी काही गमतीचं बोलल्यासारखं.

"पाणी दे तं इकडं. पीठ घट्ट झालं."

सर दाराला धरून उभे होते. मधल्या मोकळ्या जागेत पोरगी काय म्हणाली असेल हे त्यांना आठवेना. आठवणार कसं? त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

"आन् तिथं आधीचंच कोणाचं सामान असलं तं?"

या वेळी बाई बराच वेळ थांबल्या. उत्तर मोठं असावं. समजावून सांगितलेलं असावं.

"हाव," प्रतिमाबाई म्हणाल्या, "मंग तं थांबाच लागते, माय. कोणाच्या भरल्या घरात आपलं बिऱ्हाड मांडता येते का?"

आणि त्या पुन्हा गप्प झाल्या, रेवतीचं बोलून होईपर्यंत.